मोरसची साखर

दिवाळीच्या फराळात साखर किती घालायची यावर घरोघर वाद होतात, पण साखरेला तिचे गाव कोणी विचारत नाही. एके काळी मात्र साखर आपले गाव नावातच मिरवीत असे. हिंदीत ती ‘चीनी’ झाली ती चीन देशावरून, खडीसाखर ‘मिस्री’ झाली ती मिसर देशावरून. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पांढऱ्याशुभ्र दाणेदार साखरेला म्हणत ‘मोरस’. गुजराती घरांत आजही साखरेला मोरस म्हणणारी माणसे भेटतात. आपल्याकडेही आजी-पणजीच्या पिढीत ‘देशी साखर’ आणि ‘मोरस साखर’ असा भेद होता, आणि १९०५ च्या स्वदेशी चळवळीत या विलायती साखरेवर बहिष्कार पडला तेव्हा पुष्कळ सोवळ्या घरांतून मोरस हद्दपार झाली. मोरस म्हणजे मॉरिशस. ती साखर तिथून येई. पण ती करीत होते कोण, हे त्या वेळी लाडू वळणाऱ्या हातांना कळले असते, तर ते हात क्षणभर तरी थांबले असते.

मला हे कळले ते जरा उशिरा आणि अगदी घरगुती कारणाने. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी पुण्यात शिकत असताना तिची मॉरिशसहून आलेल्या एका विद्यार्थ्याशी ओळख झाली. मॉरिशसची मुले पुण्यात शिकायला येतात ही काही नवी गोष्ट नव्हे. नवी गोष्ट इतकीच की हा मुलगा ‘आम्ही मराठा, कोकणातले’ असे सांगे आणि गावाचे नाव विचारले की गप्प बसे. लग्न झाले, भाची तिकडे गेली, आणि २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप लागताच मी आठ दिवसांसाठी तिच्याकडे गेले. मुंबईहून विमान साडेसहा तासांच्या आतबाहेर पोहोचते. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे. म्हणजे मनगटावरचे काटे थोडेसे मागे फिरवले की झाले. मनातले काटे मात्र पावणेदोनशे वर्षे मागे न्यावे लागतात.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटर. लांबी जेमतेम पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. एका दिवसात मोटारीने प्रदक्षिणा होईल एवढा हा देश; पण त्याचा इतिहास विलक्षण आहे, कारण या बेटावर मूळचे असे कोणी माणूसच नव्हते. १५९८ मध्ये डच आले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्याला देऊन गेले. १६३८ मध्ये ते राहायला आले, जावाहून ऊस आणला, डोडो नावाचा बिचारा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष होत गेला, आणि १७१० मध्ये कंटाळून ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले व आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून ते वसवले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. राज्य इंग्रजांचे, जमीन आणि भाषा फ्रेंचांची, श्रम गुलामांचे, अशी ती त्रिस्थळी यात्रा होती.

१८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर उठवला आणि सारे बेट उसाने झाकून गेले. इतक्यात गुलामगिरी रद्द झाली. १ फेब्रुवारी १८३५ पासून बेटावर ती कायद्याने संपली. त्याबद्दल नुकसानभरपाई मिळाली, वीस लाख पौंडांहूनही अधिक. पण ती गुलामांना नव्हे, मालकांना. सुटलेले गुलाम पुन्हा उसाच्या शेताकडे फिरकायला राजी नव्हते. मग मालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून निघालेले छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांचा करार पाच वर्षांचा होता. महिना पाच रुपये. रोज माणशी सुमारे दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, वर थोडे मीठ आणि तेल. वर्षाकाठी धोतर, कांबळे, टोपी. या कागदाला इंग्रजीत अॅग्रिमेंट म्हणत, आणि आपल्या माणसांच्या जिभेवर त्याचे झाले ‘गिरमिट’. कागदावर हा करार दोन स्वतंत्र माणसांतला होता. प्रत्यक्षात एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. पुढे १८६७ च्या कायद्याने तर जुन्या गिरमिट्यांना आपला फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटका म्हणून तुरुंग. हा जाच इतका वाढला की १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या मळेवाल्यानेच मजुरांच्या बाजूने अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. चौकशीला शाही आयोग बसवणे इंग्लंडला भाग पडले.

१८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशी या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडची, त्याखालोखाल मद्रासेकडची. मुंबई बंदराचा वाटा सर्वांत लहान. पण तो होता. १८४२ च्या कायद्याने मुंबईहूनही मॉरिशसला मजूर नेण्यास रीतसर परवानगी मिळाली, आणि रत्नागिरी, सातारा, कुलाबा, ठाणे या जिल्ह्यांतली माणसे गलबतांनी मुंबईला आणि मुंबईहून जहाजांनी मोरसला जाऊ लागली.

ती का गेली, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. जमीन खोताची, पीक पावसाचे, देणे सावकाराचे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर ज्यांच्या तलवारी आणि ढाली आढ्याला टांगल्या गेल्या त्यांची मुले आता वरकस जमिनीवर नाचणी काढीत होती. आज आपल्याला वाटते, मुंबईत गिरण्या होत्या की! पण १८४२ मध्ये मुंबईत एकही कापडगिरणी नव्हती. पहिली गिरणी स्थापन झाली १८५४ मध्ये, आणि आगगाडी धावली १८५३ मध्ये. चाकरमानी हा शब्द रुळायच्या आधीचे हे चाकरमानी. त्यांना परळ-लालबागचे भोंगे ऐकू आले नाहीत, म्हणून ते महासागर ओलांडून गेले. पुढे गिरण्या वाढल्या, रेल्वे वाढली, जवळच पोट भरू लागले, आणि मुंबईहून मोरसला जाणारी वाट हळूहळू मोडली. दहा-पंधरा वर्षांचा फरक; पण त्या फरकाने कोणाचे नातू डिलाईल रोडला वाढले आणि कोणाचे वाक्वाला.

आणि आता या हकिगतीतली सर्वांत विचित्र गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसच्या साखरेची मोठी गिऱ्हाइकी हिंदुस्थानातच होती. इथून तांदूळ जाई, तिथून साखर येई. म्हणजे रत्नागिरीच्या कुणा आईचा मुलगा मोरसला ऊस तोडायला गेला; त्याचे पत्र आले नाही, कारण त्याला लिहिता येत नव्हते आणि तिला वाचता येत नव्हते; पण त्याने तोडलेल्या उसाची साखर मात्र मुंबईच्या बंदरात उतरून वाण्याच्या दुकानापर्यंत आली. माणूस गेला आणि साखर परत आली. मोरस या शब्दात हे सारे भरलेले आहे. आपण चमचा बुडवून फक्त गोडी घेतली.

भाचीचे सासर वाक्वा नावाच्या गावी, बेटाच्या मधल्या उंच भागात. तिथल्या मराठी लोकांची वस्ती या भागात, आणि पश्चिमेस कास्कावेलच्या बाजूला. देशाच्या लोकसंख्येत ते शंभरात दोन असतील-नसतील. पण गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते, मराठी शाळांतून शिकवली जाते, आणि आपली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने गणपतीपुढे अजून नाचवली जाते. विहीणबाई मराठी शिकल्या त्या ‘बैठके’त. दिवसभर उसात राबलेली माणसे संध्याकाळी एका झोपडीत मुलांना जमवून आपली भाषा शिकवीत. त्या झोपडीला बैठका म्हणत. घरात त्या क्रेओल बोलतात. शेजारच्या बिहारी म्हाताऱ्यांशी भोजपुरी. माझ्याशी मराठी बोलताना आधी जरा थबकत, आणि मग एकदम ‘बस गो ताई, जेव’ असे म्हणत, की मला माझ्या आजोळच्या पडवीत बसल्यासारखे वाटे.

आणि जेवायला बसले की इतिहास अक्षरशः पानात पडे. पहिल्या सकाळी फ्रेंच धाटणीचा लांब पाव आला. तो चिरून त्याला लोणी लावलेले, आणि आत डाळीचे खमंग तिखट वडे. त्यांना म्हणतात ‘गातो पिमां’. शब्द फ्रेंच, अर्थ मिरचीचा केक, आणि जीव थेट आपल्या डाळवड्याचा. दुपारी रस्त्यावरच्या गाडीवरून ‘दाल पुरी’ आणली. मऊ, पातळ, पिवळसर पोळी. आत शिजवून वाटलेली डाळ, त्यात जिरे आणि हळद. नेहमी दोनांची जोडी मिळते. तिच्यात पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा ‘रुगाय’, कोथिंबिरीची चटणी, आणि मागाल तितके मिरचीचे वाटण घालून कागदात गुंडाळून देतात. चिनी दुकानदार, फ्रेंच वंशाचा वकील, मुसलमान शिक्षक, सारे एका रांगेत उभे राहून ती खातात. हा त्या देशाचा राष्ट्रीय घासच म्हणा.

मी ती हातात घेऊन म्हटले, ‘ही तर गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी!’ जावई हसले. म्हणाले, ‘मावशी, ही बिहारची. पण डाळ सगळ्यांची तीच होती.’ त्या साध्या वाक्याने मला थांबवले. करारातली ती रोजची अर्धा पौंड डाळ! मालकाने मजूर जगावा, म्हणजे काम करावा, एवढ्याच हिशेबाने मोजून दिलेली. त्याच डाळीला मजुरांच्या बायकांनी पोळीत भरले, वडा करून तळले, सणाला तिचे गोड केले. ज्या वस्तूवर मालकाचे माप होते तिला त्यांनी आपली चव दिली. बेटाचा इतिहास लिहिणारे राज्यपालांची नावे सांगतात. मला वाटते, या बायकांचा विजय त्याहून टिकाऊ ठरला.

नंतरचे दिवस मी स्वयंपाकघरातच जास्त काढले. तिथे भाज्यांची नावे ऐकावीत. वांग्याला ‘ब्रेंझेल’, कढीलिंबाला ‘कारीपुले’, शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरुम’. त्यांतली पुष्कळ तमिळ मजुरांनी दिलेली. लोणच्याला ‘आशार’, चटणीला ‘सातिनी’. मासळी मोहरी, हळद, लसूण आणि शिरक्यात घालून ‘विंदाय’ करतात. आपल्या गोव्याच्या विंदालूची ही सख्खी बहीण, आई दोघींची पोर्तुगीज. फणसाची भाजी आहे, विलायती फणसाचे काप आहेत. पोर्ट लुईच्या मंडईत ‘आलुदा’ प्यायले: थंड दूध, त्यात सब्जा आणि कापलेली जेली, फालुद्याने तिथे नाव बदलले आहे, स्वभाव नव्हे. चिन्यांच्या दुकानातल्या तळलेल्या शेवया तर मराठी घरांत रविवारचे जेवण होऊन बसल्या आहेत. आपल्याकडे एखादी सुगरण ‘आमच्यात असे करत नाहीत’ म्हणून नाक मुरडते. तिथल्या स्वयंपाकघराने नाक मुरडले नाही, म्हणून ते जगले. आमची जुनी चव तिथे जशीच्या तशी डबीत जपून ठेवलेली असेल, या अपेक्षेने जो जाईल तो हिरमुसून परतेल. ती लोणच्यासारखी मुरली आहे; फोड तीच, पण खार सगळ्यांचा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी रताळी उकडायला ठेवली. मी म्हटले, ‘उपास आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही गो, ही आमची दिवाळी.’ उकडलेली रताळी मळून त्यांत पीठ घातले, पाऱ्या लाटल्या, आत ओले खोबरे, साखर आणि वेलची भरली, अर्धचंद्राकार दुमडून कडा दाबल्या आणि तळल्या. त्यांना म्हणतात ‘गातो पातात’. मी पाहतच राहिले. आकार करंजीचा, सारण नारळीपौर्णिमेचे, आणि अंग रताळ्याचे. तिकडे घरोघर दिवाळीला त्या होतात. संध्याकाळी ताटे भरून आम्ही शेजारी वाटायला निघालो. एका घरी ख्रिस्ताची तसबीर, दुसऱ्या घरी मक्केची, तिसऱ्या दारी चिनी आजीबाई. प्रत्येक घरात ताट रिकामे करून हसत परत दिले. मला आमच्या आळीची आठवण झाली, आणि ती आठवण मी तिथेच ठेवली.

दिवाळीच्या पाठोपाठ २ नोव्हेंबर आला. त्या दिवशी तिथे ‘अॅटलस’ जहाजाच्या स्मरणार्थ सुट्टी असते. आम्ही पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेलो. इथे १८४९ मध्ये मजूर उतरवण्याचा तळ उभारला. पूर्वी या जागेला ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ मध्ये नाव बदलले, आणि २००६ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसास्थान ठरवले. भव्य असे काही नाही. समुद्रातून वर येणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या, एक कमान, मजुरांच्या पडव्यांचे आणि स्वयंपाकघराचे अवशेष. आलेल्या माणसाला पहिला भात इथे मिळे आणि इथूनच तो मळ्यावर धाडला जाई. पायऱ्यांवर फुले वाहिलेली होती. भाचीचे आजेसासरे काठी टेकत एका पायरीपाशी गेले, वाकले, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि कोणाशी काही न बोलता परत आले. त्यांच्या आजोबांचे वडील या पायऱ्या चढले होते.

परतताना वाटेत उसाची शेते लागली. प्रत्येक शेतात काळ्या दगडांचे घराएवढे उंच ढीग. हे बेट ज्वालामुखीचे. हे सारे दगड गुलामांनी आणि मजुरांनी हातांनी उचलून रचले, तेव्हा ऊस लावता आला. तिकडे एक गोष्ट सांगतात, की मजूर गोळा करणारे दलाल गावोगाव म्हणत, ‘मोरसला चला, दगड उलटला की खाली सोने.’ म्हातारबुवांनीही ती सांगितली आणि पुस्ती जोडली, ‘दगड सगळे उलटले आम्ही.’

मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे. त्या काळचे सारे नोंदवह्यांचे दप्तर तिथे जपले आहे. प्रत्येक उतरलेल्या माणसाला एक क्रमांक मिळे. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज. पुढच्या काळातल्यांचे फोटोही आहेत. माणूस विकत घेताना जनावराची करावी तशी ही नोंद. आणि काळाचा न्याय असा की आज तीच नोंद त्यांच्या वंशजांची एकमेव कुलदेवता आहे. त्या वहीमुळेच तिथली आडनावे आली. ‘रामजी’ नावाचा माणूस उतरला की त्याची मुले, नातवंडे, पणतवंडे सारी आडनावाने ‘रामजी’. सावंत, मोरे, शिंदे जे काय असेल ते पुष्कळांचे जहाजातच राहिले.

भाचीच्या सासऱ्यांनी आपल्या मूळपुरुषाचा दाखला तिथून काढून आणला आहे. क्रमांक स्पष्ट. नाव स्पष्ट. जात मराठा. जिल्हा रत्नागिरी, इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसा ऐकू आला तसा. आणि गावाच्या रकान्यात शेवटची ‘गाव’ ही अक्षरे शाबूत. आधीची दोन-तीन अक्षरे कशीही वाचावीत. कोकणात ‘गाव’ने संपणारी गावे किती, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? आता त्याला आणखी एक निकड आली आहे. २०२४ मध्येच भारत सरकारने मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड देण्याची खास तरतूद जाहीर केली. त्यासाठी वहीतला दाखला पुरेल. पण आजेसासऱ्यांना कार्ड नको आहे. त्यांनी मला फक्त विचारले, ‘तुमच्याकडे आमचे काय लिहून ठेवले असेल?’

मी इतिहासाचे धडे शिकवते. त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. आपल्याकडच्या जुन्या दप्तरात गाव सोडून गेलेल्या कुळापुढे एक शब्द लिहीत: परागंदा. त्यापुढे रेघ. तो कुठल्या जहाजात बसला, जगला की मेला, त्याच्या मुलांनी कुठल्या देवाला नारळ फोडला, याची दखल नाही. त्या लोकांनी दीडशेहून अधिक वर्षे आपली आरती, आपली जाखडी, आपला ‘बस गो, जेव’ सांभाळला. आपण त्यांची साखर खाल्ली आणि त्यांना विसरलो. नाते दोन्ही बाजूंनी असते असे आपण म्हणतो. हे नाते इतकी वर्षे एकाच बाजूने राखले गेले आहे.

त्या दाखल्याची एक प्रत मी सोबत आणली आहे. शाळेत दहावीच्या मुलांपुढे ती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काढली, आणि त्यांना सांगितले, की घरच्या म्हाताऱ्यांना, गुरवाला, जुन्या तलाठ्याला विचारा: आपल्या भावकीत कोणी ‘मोरसला गेला’ असे कधी ऐकले आहे का? आतापर्यंत तीन मुलांनी तीन वेगवेगळ्या गावांची नावे आणली आहेत. एका मुलीच्या पणजीने तर सांगितले, की त्यांच्या घरी पितृपंधरवड्यात एक पान नाव न घेता वाढतात. ते कोणाचे, हे आता कोणालाच आठवत नाही. हा पुरावा नव्हे, हे मला कळते. पण आजेसासऱ्यांना लिहिलेल्या पत्रात मी ते पानही लिहिले. वाचकांपैकी कोकणातले जे असतील त्यांनी यंदा फराळ झाल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसून हाच प्रश्न विचारावा. उत्तर देणारी माणसे फार उरलेली नाहीत.